देवाची उजवी बाजू

“सर्टिफिकेट देतत काय?” बाबांनी विचारलं.

मी पडवीत बसून त्यांना मोबाईलवर तीन कोर्स दाखवत होते. बाबा कुडाळच्या एसटी डेपोत मेकॅनिक. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून मागची बाजू बघायची, ही त्यांची जुनी सवय. माझा मोबाईलही त्यांनी एकदा उलटा करून पाहिला, मग सुलटा केला.

“मुंबईचे देतत,” मी म्हणाले. “सोनेरी काठाचा.”

“आणि ह्या दुसरा?”

दुसरं एक ॲप होतं. त्यात फोटोग्राफीचे शेकडो व्हिडिओ होते, एकदा घेतले की जन्मभर बघत बसा. पडद्यावर एक घड्याळ मागे मागे पळत होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘सवलत आज संपणार’. मी महिनाभर ते ॲप उघडून बघत होते आणि सवलत रोजच्या रोज संपत होती.

“तेचा पण मिळता. आपणच प्रिंट काढून घेवचा.”

“आणि ती नाशकाची बाई?”

“ती देणा नाय.”

“मगे तू शिकलंस ह्या लोकांका कसा कळतला?”

खरं तर मलाही तोच प्रश्न पडला होता.

कोरोनानंतरचं ते पहिलं वर्ष. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते. मामेभावाने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला दिला, आणि गावातल्या बारशांना, साखरपुड्यांना मी तो गळ्यात घालून जायला लागले. लोक म्हणायचे, छान आले फोटो. मला मात्र माहीत होतं की छान नाहीत. माणसांचे चेहरे यायचे, माणसं यायची नाहीत. कुठे काय चुकतं ते सांगणारं कोणी नव्हतं. मला हौस म्हणून हे करायचं नव्हतं, त्यावर पोट भरायचं होतं. कुडाळात आपला स्टुडिओ असावा, पाटीवर आपलं नाव असावं, एवढं ठरलेलं होतं आणि तिथवर जायचा रस्ता ठाऊक नव्हता.

त्यात अनंतकाकांचा निरोप आला. बाबांचे हे चुलतभाऊ. त्यांचा काजूचा कारखाना आहे आणि ऑफिसात त्यांना घरचं माणूस हवं होतं. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. नोकरी वाईट नव्हती. पण सकाळी जायचं ते दिवेलागणीला परत, आणि हंगामात रविवारही नाही. लग्नं, साखरपुडे, बारशी सगळी रविवारी. नोकरी धरली की कॅमेरा कपाटात जाणार, हे बाबांनाही कळत होतं आणि मलाही.

मुंबईच्या कोर्समध्ये लग्नांचे फोटो काढणारा एक नावाजलेला माणूस इंग्रजीत शिकवणार होता. एका वेळी पडद्यावर दोन-तीनशे मुलं. आपण काढलेले फोटो त्याचे मदतनीस तपासणार, शेवटी कामही मिळवून देणार म्हणे. मनातून माझा कल तिकडेच होता. नावच मोठं होतं, आणि त्या नावाच्या आड उभं राहिलं की बाबांशी बोलणं सोपं जाणार होतं.

नाशिकच्या लीना टिपणीस बाईंनी वर्तमानपत्रासाठी आयुष्यभर फोटो काढलेले होते. आता त्या घरबसल्या आठच मुलं घेऊन शिकवायच्या. आणि त्यांची अट अशी की आधी एखाद्या घडणाऱ्या गोष्टीचे फोटो पाठवायचे, काढले त्याच क्रमाने, फसलेला एकही न गाळता. ते बघून त्या ठरवणार, घ्यायचं की नाही.

आये, म्हणजे माझी आई, अंगणात कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. आमचं सगळं बोलणं तिच्या कानावर जात होतं. ती मान वर न करता म्हणाली, “शलू, ह्या तिघांत तुझे फोटो बघतलो कोण?”

“म्हणजे?”

“तू काढलंस, धाडलंस. मगे ते बघतलो कोण?”

ॲपमध्ये तर कोणीच बघणार नव्हतं. मुंबईला मदतनीस बघणार होते. मी तसं सांगितलं.

“आणि बाई?”

“बाई स्वतः बघता.”

“मगे झाला तर,” आये म्हणाली आणि बी टोपलीत टाकली.

“काय झाला?” बाबा चिडले. “आठ पोरांका शिकवणारी बाई. उद्या ती आजारी पडली मगे?”

हा वाद त्या दुपारी मिटला नाही. शेवटी बाबा म्हणाले, “उद्या कौल लावया. देव सांगात तसा.”

आमच्या घरात हे असंच चालायचं. विहीर कुठे खणायची ते कौलानं ठरलं होतं. बाबांनी एसटीत लागायचं की मुंबईला जायचं हेही कौलानं ठरलं, आणि आये या घरात सून म्हणून आली तीसुद्धा कौल घेऊनच. मी कॉलेजात शिकलेली, मैत्रिणींमध्ये यावर हसायची. पण देवळात गेले की हसू कुठे जायचं कळायचं नाही.

“एकच प्रश्न,” बाबांनी बजावलं. “ह्या इचार, ता इचार, असो देवाक छळूचो नाय. तिघांतलो खयचो इचारूचो तो तू ठरय. उजवो झालो तर तो कोर्स. डावो झालो तर सोमवारी काजू कारखानो. मगे कुरकुर नको.”

म्हणजे निवड मलाच करायची होती, आणि पणाला सगळंच लागणार होतं.

आमच्या घरात रेंज धड येत नाही. देवळामागे चिऱ्यांचा एक गडगा, म्हणजे कुंपणाची बुटकी भिंत, आहे, त्याच्यावर बसलं की येते. संध्याकाळी तिथे बसून मी टिपणीस बाईंना लिहिलं, “तुम्ही सर्टिफिकेट का देत नाही?” मला वाटलं, उत्तर यायचं नाही. आलं ते बोलूनच पाठवलेलं. आवाज जरा घोगरा होता.

“अगं, कागद देऊन काय करू? तुझा प्रत्येक फोटो मी बघेन. बरा असेल तर बरा म्हणेन. नसेल तर का नाही ते सांगेन, आणि ते तुला आवडणार नाही. ऐकून घ्यायची तयारी असली तर फोटो पाठव.”

मी ते तीनदा ऐकलं. कोणीतरी माझे फोटो बघणार होतं आणि छान आहेत असं म्हणणार नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. बाबा रात्रपाळी करून डेपोतून परस्पर आले होते. आंघोळ झालेली नव्हती, हाताला ग्रीस होतं, म्हणून ते बाहेरच्या पायरीवरच थांबले. तिथून गाभारा दिसत नाही. मध्ये दोन जाडजूड खांब आहेत आणि आत नेहमीच काळोख. आये गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. तिनं निळी काठापदराची साडी नेसली होती. मी तिच्या मागे थोडी बाजूला, कॅमेरा घेऊन. एखाद्या घडणाऱ्या गोष्टीचे फोटो बाईंना हवे होते. माझ्या आयुष्यात याहून मोठी गोष्ट तेव्हा दुसरीकडे कुठे घडत नव्हती.

“फोटो काढूचे तर उंबऱ्याच्या भायर रवान काढ,” आबा गुरव म्हणाले. “आणि ता फाटकन उजेड पडता ता नको. देवाक चलाचा नाय.”

“नाय आबा, फ्लॅश नाय मारणय.”

“बरा. खयचो कोर्स तो सांग. देवाक नीट सांगूक व्हयो.”

मी बाहेर पायरीकडे बघितलं. बाबांची पाठ दिसत होती. मुंबईचं नाव जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात आयेच्या लाल बोटांकडे लक्ष गेलं, किती धुतली तरी रातांब्याचा रंग जात नाही. मी म्हणाले, “नाशकाच्या टिपणीस बाईंचो.”

बाबांची पाठ जराशी हलली.

आबांनी फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि पाषाणाच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवली. आमच्या देवळातला कौल असाच असतो. जी पाकळी आधी सुटेल ते देवाचं उत्तर. उजवी सुटली तर हो, डावी सुटली तर नको. मग आबांनी हात जोडले, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा रवळनाथा म्हाराजाऽऽ!”

“व्हय म्हाराजा!” बाहेरून बाबांनी खणखणीत साथ दिली. आयेनं हळू आवाजात.

“आज ह्या पालवांच्या घरातला चेडू तुझ्या पायाकडे इला हा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेका फोटो काढूची विद्या शिकाची हा. नाशकाची कोण बाई हा, ती तेका मोबाईलातसून शिकवतली म्हणता म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तर ह्या तेच्या बऱ्याचा असात तर उजवो दी, नसात तर डावो दी, आणि जी काय अडचण असात ती दूर करून लेकराचा बरा कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

समईचा उजेड अपुरा होता. फोटो हलतील, काळे येतील, एवढीच मला धास्ती. मी श्वास धरून एकामागून एक फोटो काढत होते. आणि चौकटीत मला दिसलं की उजवीकडची पाकळी थरथरली, घसरली आणि खाली गेली.

“उजवो!” आयेचा आवाज घुमला. “उजवो दिल्यान!”

मी कॅमेरा खाली घेतला. आबांनी डोळे उघडले. त्यांनी पाषाणाकडे पाहिलं, मग आयेकडे पाहिलं. मग अंगठ्यानं राहिलेली पाकळी पुसून घेतली आणि म्हणाले, “देवाच्या मनात असात ता होतला. जावा आता.”

पायरीवरून बाबांचा आवाज आला, “व्हय म्हाराजा!”

सोमवारी बाबांनी अनंतकाकांना फोन केला. “देवानच सांगल्यान, मी काय करू?” एवढंच ते म्हणाले. काका एरवी कोणाचं ऐकून घेणारे नव्हेत, पण रवळनाथाशी वाद घालणार कसे?

फोटो मी रविवारीच पाठवले होते, काढले त्या क्रमाने, हललेले-फसलेले सगळे. बुधवारी दुपारी टिपणीस बाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी गडग्यावर बसले. पडद्यावर पांढऱ्या आखूड केसांच्या बाई, चष्मा कपाळावर. नमस्कार-चमत्कार झाला नाही.

“पहिल्या तीन फोटोंत तू समईच्या मागे धावली आहेस,” त्या म्हणाल्या. “दिवा दिसला की सगळे धावतात. सोडून दे. चौथा उघड.”

मी उघडला.

“यात काय चाललंय?”

मी त्यांना कौल म्हणजे काय ते थोडक्यात सांगितलं.

“बरं. म्हणजे ही पाकळी पडतेय, तो क्षण महत्त्वाचा. पुजाऱ्यांचे डोळे मिटलेले आहेत. आणि या निळ्या साडीतल्या बाई?”

“माझी आई.”

“ज्यासाठी सगळे जमलात ते घडतंय, आणि तिचं लक्ष तिकडे नाही. ती वळून तुझ्याकडे बघतेय. सरळ भिंगात. का?”

मी फोटो मोठा केला. खरंच की. आयेची मान वळलेली होती आणि तिचे डोळे माझ्यावर होते. ते डोळे मी कॅमेऱ्यातून पाहिले असणार, पण मला दिसले नव्हते. मी पाकळीच बघत होते.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

“मग शोध. फोटो तू काढलायस, पण अजून बघितलेला नाहीस. हाच तुझा पहिला अभ्यास. पुढच्या बुधवारी वर्गात ये.”

कॉल संपला. त्यांनी मला घेतलं होतं. मी आनंदानं गडग्यावरून उडी मारायला हवी होती, पण मी तो फोटो धरून बसून राहिले. आये का बघत होती? घाबरलेली नव्हती. खूशही नव्हती. मी लहानपणी झाडावर चढले की ती खालून जशी बघायची, तशी बघत होती.

मग माझं लक्ष पाकळीकडे गेलं.

मी चार-पाच वर्षांची असताना डाव्या-उजव्या कौलात गोंधळ करायची. तेव्हा आयेनं मला गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी देवाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभं केलं होतं. “आता तू देव. तुझो उजवो हात वर कर. हां, तोच देवाचो उजवो.” आमच्याकडे उजवं म्हणजे देवाचं उजवं, बघणाऱ्याचं नव्हे. देव आपल्यासमोर तोंड करून असतो, म्हणून त्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं. गावात शेंबडं पोरही यात चुकत नाही. मी चुकले, कारण त्या वेळी मी देवासमोर नव्हतेच, कॅमेऱ्याच्या चौकटीत होते. चौकटीच्या उजवीकडची पाकळी पडली आणि मला ती उजवी वाटली.

मी गडग्यावरून उतरले, देवळाकडे पाठ करून उभी राहिले आणि उजवा हात वर केला. मग फोटोकडे पाहिलं. पाकळी देवाच्या डाव्या खांद्यावरून पडली होती. देव नको म्हणाला होता.

मी चुकले ते ठीक. आये कशी चुकेल?

घरी आले तर आये अंगणात, पुन्हा रातांब्यांत. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

“आये, कौल खयचो होतो?”

तिचे हात थांबले नाहीत. “म्हणजे?”

“फोटोत दिसता. डावो सुटलो.”

आता थांबले. तिनं हातातला रातांबा खाली ठेवला.

“बापाशीक दाखवलंस?”

“नाय.”

“त्या वेळी तू बघूक नव्हतंस मा?”

“बघलंय. पण माका उजवोच वाटलो.”

“माका ताच बघूचा होता,” आये म्हणाली. “तुका कळला की नाय ता. तुका कळला असता तर मी एक शब्द बोलाक नसतंय.”

“देवाच्या म्होरे खोटा बोललंस?”

“देवाक कित्याक खोटा सांगू? तेनाच दिल्यान डावो, तेका म्हायती नाय? मी तुझ्या बापाशीक खोटा सांगलंय.”

हे तिनं इतकं सरळ सांगितलं की मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. आये रडली नाही.

“तुका भिया वाटणा नाय?”

“वाटता तर. सोमवारी सकाळी एकटीच गेललंय. तेका सांगलंय, तुझ्या तोंडान मी बोललंय. आता माझी लाज राख. चेडवाक काय करू नको, करूचा ता माका कर. आणि हेच्याफुडे तुझ्या उंबऱ्याकडे येवचंय नाय, पायरेरसूनच हात जोडतलंय.”

“पण कित्याक आये? काजू कारखानो काय वायट होतो?”

आयेनं कपाळ पुसलं, हात लाल म्हणून मनगटानंच.

“तू माझो एक फोटो काढललंस, आठावता? मी गुरांका पाणी दाखवतंय तो.”

आठवत होता. सहज काढलेला.

“माझे फोटो सगळे लग्नातले, दुसऱ्यांच्या. खयच्याय फोटोत बघ, मी कडेक. अर्धी तर कापलीच गेललंय. त्या एका फोटोत मी मधी असंय. इतक्या वर्सांत माका कोणी असा बघूक नव्हता.” ती पुन्हा रातांबा हातात घेऊन म्हणाली, “अशी नजर काजूच्या बिलांक लावची? देवाक पटला, माका पटला नाय.”

मी टोपली तिच्या हाताशी सरकवली.

“आता तू ठरय,” आये म्हणाली. “बापाशीक सांगूचा असात तर आजच सांग. अनंताभावजींनी अजून कोणाक घेवक नाय. तू सांगलंस तर मी आड येवचंय नाय.”

तेवढ्यात बाबांची मोटरसायकल वाजली. ते आले, नळावर साबणाची पूड घेऊन कोपरापर्यंत हात घासत राहिले. मी मोबाईल हातात घेऊन उभी. फोटो उघडा होता. दोन पावलं पुढे जायचं आणि दाखवायचं, एवढंच काम.

“काय म्हणाली बाई?” बाबांनी विचारलं. “घेतल्यान काय?”

मी आयेकडे बघितलं. ती खाली मान घालून रातांबे फोडत होती.

“घेतल्यान,” मी म्हणाले आणि मोबाईल बंद केला.

“घेतलीच असती. देवान सांगल्यान मगे काय?” बाबा म्हणाले आणि टॉवेलला हात पुसत आत गेले.

टिपणीस बाईंनी मला सोललं. पहिले कित्येक महिने माझा एकही फोटो त्यांना बरा वाटला नाही. पुढे एखादा वाटायला लागला. गडग्यावर बसून, पावसात छत्री मोबाईलवर धरून आणि स्वतः भिजत, मी ते वर्ष काढलं. आज कुडाळात माझा स्टुडिओ आहे. पाटीवर नाव आहे. आजवर एकाही नवरीनं माझ्याकडे सर्टिफिकेट मागितलेलं नाही.

आये मात्र त्या दिवसापासून देवळाच्या पायरीवरच थांबली. जत्रा असो, पालखी असो, ती तिथूनच हात जोडायची. कोणी विचारलं की सांगायची, “गुडघे दुकतत.” ती तेवढीच गुडघेदुखी घेऊन रोज विहिरीचं पाणी शेंदते हे सगळ्यांना दिसत होतं, पण बाईमाणसाच्या गुडघ्यांची चौकशी कोण करतो? तिला उंबऱ्यापाशी चल म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तिनं ज्याला शब्द दिला होता त्याच्याशी मी काय बोलणार?

तो चौथा फोटो मी मोठा करून स्टुडिओच्या आतल्या खोलीत लावला आहे, जिथे मी कॉम्प्युटरवर काम करते. तिथे गिऱ्हाईक येत नाही. हात आखडला, काम जमेनासं झालं की मी वर बघते. आये माझ्याकडे बघत असते.

बाबा आता निवृत्त झालेत. गेल्या खंडेनवमीला ते स्टुडिओत आले. हत्यारांची पूजा त्यांच्यासारखी कोण करणार? त्यांनी कॅमेरे पुसले, दिव्यांचे स्टँड पुसले, तिपाईच्या तिन्ही पायांना झेंडूचं एकेक फूल बांधलं. मग फडकं घेऊन आतल्या खोलीत गेले. मी बाहेर हार ओवत होते. बराच वेळ आवाज येईना म्हणून आत डोकावले.

त्यांनी भिंतीवरचा तो फोटो खाली उतरवला होता. आधी उलटा करून मागची बाजू पुसली होती. आता सुलटा धरून काच पुसत होते. पुसून झाली होती तरी फडकं फिरत होतं.

“शलू,” ते म्हणाले, “ह्यो फोटो उलटो छापलंस काय गो?”

“कसो?”

“उजव्याचा डावा झाला हा.”

माझ्या हातातला हार तसाच राहिला. बाबांनी वर पाहिलं नाही.

“होय बाबा,” मी म्हणाले. “उलटो छापलो गेलो.”

“होता कधी कधी,” बाबा म्हणाले.

फोटोत आयेचा पदर तिच्या डाव्या खांद्यावर होता, रोज असतो तिथेच. फोटो उलटा असता तर तो उजवीकडे गेला असता. इंजिनातला एक नट ढिला असला तरी ज्याला आवाजावरून कळायचा, त्या माणसाला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

त्यांनी फोटो परत खिळ्याला लावला, लांब होऊन बघितला, एक बाजू बोटभर वर केली. चौकटीवर झेंडूचं एक फूल ठेवलं. मग फडक्याची नीट घडी घालत म्हणाले, “आवशीक सांग, उद्या सोना घेवन देवळात जाताना पायरेर थांबा नको. उंबऱ्यापर्यंत चल म्हणान. गुडघे दुकले तर मी हात धरतंय.”